जुन्या संगणकाची प्रचालन प्रणाली व तिचा परवाना

प्रचालन प्रणाली म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री व वापरणारा यांच्यामध्ये राहून स्मृतीचे वाटप, फाइलींची मांडणी, पडदा, मुद्रक इ. उपकरणांचे नियंत्रण आणि इतर आज्ञावलींचे संचालन करणारा मूलभूत आज्ञावलींचा संच होय. व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम हे नाव रूढ आहे. संगणक विकत घेणाऱ्यास यंत्राची मालकी मिळते. प्रचालन प्रणालीच्या बाबतीत बहुधा तिची मालकी न मिळता विशिष्ट अटींवर ती वापरण्याची अनुज्ञा मिळते. या अनुज्ञेस परवाना म्हणतात. नव्या संगणकाबरोबर यंत्र व परवाना ही दोन्ही एकत्रच येत असल्याने त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. संगणक दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हा मात्र तो उघड होतो. यंत्र सुस्थितीत असूनही त्यावरील प्रचालन प्रणाली वापरण्याचा अधिकार नव्या मालकाकडे आला की नाही, आणि आला असल्यास तो कोणत्या आवृत्तीचा, हा प्रश्न वापरलेला संगणक घेणाऱ्या शाळा, लहान कार्यालये व सामान्य कुटुंबे यांच्यापुढे वारंवार उभा राहतो. परवाना व्यक्तीशी, यंत्राशी की संस्थेशी बांधलेला आहे, हे ठरविणे ही त्याच्या उत्तराची पहिली पायरी होय. या बंधनाचे स्वरूप आणि ते ओळखण्याच्या खुणा १९६० नंतर अनेकदा बदलत गेल्या.

पूर्वपीठिका : आरंभीच्या काळात असा प्रश्नच नव्हता. मोठे संगणक बहुधा विकले जात नसत, ते भाड्याने दिले जात. इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स (आयबीएम) या अमेरिकन कंपनीचा बहुतेक व्यवसाय भाड्यावर चाले आणि आज्ञावली, प्रशिक्षण व देखभाल यांचा खर्च भाड्यातच धरलेला असे. यंत्र परत गेले की आज्ञावलींचा संबंधही संपत असे. २५ जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायालयात या कंपनीविरुद्ध झालेल्या संमती हुकूमनाम्याने यंत्रे भाड्याबरोबरच रास्त अटींवर विकतही देण्याचे, तसेच ती घेणाऱ्या मालकांना सुटे भाग व देखभाल पुरविण्याचे बंधन कंपनीवर आले. यंत्राला स्वतंत्र मालक मिळू लागल्यामुळे वापरलेल्या संगणकांच्या व्यापाराचा मार्ग मोकळा झाला. १९६० नंतरच्या दशकात यंत्रे विकत घेऊन ती कमी दराने भाड्याने देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत उदयास आल्या.

या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. आयबीएमच्या मुंबईतील कारखान्यात परदेशांत वापरून झालेली १४०१ या जातीची यंत्रे दुरुस्त करून भारतीय ग्राहकांना भाड्याने दिली जात. अन्यत्र जुनी झालेली यंत्रे येथे भाड्याने देण्याच्या या प्रथेवर पुढे टीका झाली. परकीय भागभांडवलाच्या मर्यादेवरून शासनाशी मतभेद झाल्यावर १९७८ साली कंपनीने भारतातील व्यवसाय बंद केला व तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. त्या वेळी चिंता सुट्या भागांची आणि तंत्रज्ञांची होती. प्रचालन प्रणालीच्या परवान्याची नव्हती.

यंत्र व आज्ञावली यांची फारकत : २३ जून १९६९ रोजी आयबीएमने आज्ञावली व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. यंत्रांचे दर त्या वेळी अवघे ३ टक्क्यांनी उतरविण्यात आले. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकन शासनाने कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केलेला होता, या पार्श्वभूमीवर हा निर्णय पाहिला जातो. आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू ठरल्याने सॉफ्टवेअरच्या उद्योगाला यातून मोठी चालना मिळाली. तथापि यंत्र सुरू ठेवण्यास अत्यावश्यक अशी प्रचालन प्रणाली या आकारणीतून प्रथम वगळण्यात आली होती. त्यामुळे १९७५ पासून अ‍ॅमडाल या प्रतिस्पर्धी कंपनीची यंत्रेही आयबीएमचीच प्रचालन प्रणाली वापरू शकली. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रणालीच्या सुधारित भागांसाठी शुल्क व परवाना यांची पद्धत क्रमाने आली आणि यंत्र घेतले म्हणजे प्रणाली मिळाली, हे गृहीतक मोडले.

याच सुमारास अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेली युनिक्स ही प्रणाली विद्यापीठांत पसरत होती. तिच्या करारात ज्या संगणकावर प्रणाली चालवावयाची त्याची जात व अनुक्रमांक नमूद केलेला असे. दुसऱ्या यंत्रावर ती न्यावयाची तर करारातील नोंद बदलून घ्यावी लागे. परवाना येथे संस्थेला दिलेला, पण विशिष्ट यंत्रापुरता मर्यादित केलेला असे. परिणामी विद्यापीठाने मोडीत काढलेला पीडीपी–११ संगणक विकत घेणाऱ्याला चुंबकीय तबकडीवर युनिक्स जशीच्या तशी मिळाली, तरी ती चालविण्याचा अधिकार मिळत नसे.

हाच नियम डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएस या प्रणालीने यंत्राच्या आतच अंमलात आणला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून या प्रणालीत परवान्याची नोंद ठेवणारी स्वतंत्र आज्ञावली होती. कंपनीकडून मिळालेल्या कागदावरील संकेत तिच्यात भरल्याशिवाय प्रणालीचा पूर्ण वापर करता येत नसे. हा कागद हरवला, की यंत्र जिवंत असूनही निरुपयोगी होई. जुनी यंत्रे जतन करणाऱ्या हौशी लोकांसाठी १९९७ पासून विनामूल्य परवाने देण्याची योजना होती. ती चालविणाऱ्या उत्तराधिकारी कंपनीने २०२० साली ती बंद करण्याचे जाहीर केले. अखेरच्या परवान्यांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. प्रणालीचा विकास पुढे नेणाऱ्या दुसऱ्या कंपनीने नवी सामुदायिक योजना सुरू केली, परंतु मूळ व्हॅक्स यंत्रे तिच्या बाहेर राहिली. युनिक्सच्या बाबतीत परिणाम अधिक सुखद झाला. १९९८ मध्ये तिच्या प्राचीन आवृत्त्यांसाठी शंभर डॉलरांचा वैयक्तिक परवाना उपलब्ध झाला, आणि जानेवारी २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने त्या आवृत्त्या मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या.

प्रताधिकाराची प्रतिष्ठापना : करारापलीकडे आज्ञावलीला कायद्याचे कोणते संरक्षण आहे, हे दीर्घकाळ अनिश्चित होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून प्रसिद्ध केलेल्या खुल्या पत्रात, आपली बेसिक भाषेची आज्ञावली बहुतेक लोक पैसे न देता वापरतात, अशी तक्रार केली होती. १९८० साली अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात आज्ञावलीचा स्पष्ट समावेश झाला. प्रतीच्या मालकास ती यंत्रावर चालविण्यापुरती नक्कल करण्याची आणि राखीव प्रत ठेवण्याची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली. ही मुभा प्रतीच्या मालकास होती, परवानाधारकास नव्हे. या एका शब्दावर पुढे बरेच वाद झाले. प्रचालन प्रणाली ही यंत्राचाच भाग आहे, साहित्यकृती नव्हे, हा युक्तिवाद अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात १९८३ साली अपील न्यायालयाने फेटाळला. तेव्हापासून प्रचालन प्रणालीही प्रताधिकाराच्या कक्षेत निःसंशय आली.

व्यक्तिगत संगणक व परवान्याचे प्रकार : आयबीएमचा व्यक्तिगत संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. त्याच्या प्रणालीचे मूळ सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीच्या ८६–डॉसमध्ये होते. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी जुलैमध्ये तिचे हक्क ५०,००० डॉलरांना घेतले; आपल्या यंत्रांबरोबर ही प्रणाली शुल्क न देता विकण्याचा हक्क मात्र मूळ कंपनीने राखून ठेवला होता. पुढे कंपनी डबघाईस आल्यावर तिच्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू हा परवानाच ठरला. तो दुसऱ्यास विकता येईल काय, यावरून मायक्रोसॉफ्टशी वाद होऊन १९८६ मध्ये खटला उभा राहिला व ९,२५,००० डॉलरांवर तडजोड झाली. यंत्रे बनविणारी कंपनी संपली तरी परवान्याचे मूल्य उरते, हे या प्रकरणातून दिसले.

मायक्रोसॉफ्टने आपली प्रणाली मुख्यतः संगणक बनविणाऱ्या कंपन्यांना दिली. काही करारांत उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यावर प्रणाली बसविलेली असो वा नसो, शुल्क द्यावे लागे. जुलै १९९४ मध्ये झालेल्या व १९९५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने ही प्रथा बंद झाली. तरीही नवा संगणक प्रणालीसह विकण्याची पद्धत सार्वत्रिक राहिली. तिच्यातून विंडोज या प्रणालीच्या परवान्याचे पुढील मुख्य प्रकार स्थिरावले. जुना संगणक पाहताना यांतील कोणता त्याच्याबरोबर आला आहे, हे ठरवावे लागते.

(१) मूळ उत्पादकाचा परवाना : व्यवहारात यास ओईएम म्हणतात. हा स्वस्त असून पहिल्या यंत्राशी कायमचा बांधलेला असतो. यंत्र विकले की परवानाही त्याच्याबरोबर जातो. यंत्रापासून तोडून तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, अशी कराराची अट असते. कंपनीच्या दृष्टीने मदरबोर्ड हा यंत्राचा आत्मा होय. नादुरुस्त झाल्यामुळे तो बदलला तर परवाना टिकतो. यंत्र अधिक समर्थ करण्यासाठी बदलला तर ते नवे यंत्र समजले जाते. दुकानात घरी जोडलेल्या संगणकांबाबत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

(२) किरकोळ विक्रीचा परवाना : स्वतंत्र वेष्टनात किंवा नुसत्या संकेतांकाच्या रूपाने ग्राहकास विकलेला हा परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. यामुळेच तो जुन्या संगणकाबरोबर आला आहे असे गृहीत धरता येत नाही. विकणाऱ्याने तो आपल्या नव्या यंत्रावर नेलेला असू शकतो. खरेदीचे बिल आणि मूळ वेष्टन यांना येथे विशेष महत्त्व आहे.

(३) समूह परवाना : मोठ्या कंपन्या, शासकीय कार्यालये व विद्यापीठे यांना अनेक यंत्रांसाठी एकत्रित दिलेला हा परवाना संस्थेचा असतो. संस्थेने टाकून दिलेल्या यंत्राबरोबर तो जात नाही. मात्र विंडोजच्या बाबतीत समूह परवाना हा मूळ परवान्यावरील बढती म्हणून दिला जातो. म्हणजे यंत्राबरोबर आधी आलेला उत्पादकाचा परवाना खाली कायम असतो. कार्यालयातून आलेल्या संगणकावर बसलेली एंटरप्राइज आवृत्ती नव्या मालकाची नव्हे. तिच्याखाली दबलेली प्रोफेशनल आवृत्ती बहुधा त्याची असते.

(४) पुनर्विक्रेत्याचा परवाना : जुने संगणक दुरुस्त करून विकणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांना मायक्रोसॉफ्टने दिलेला हा स्वतंत्र परवाना होय. तो मिळण्यासाठी यंत्रावर पूर्वीच्या परवान्याची खूण असावी लागते. अशा यंत्रावर मूळ लेबलाच्या जोडीला पुनर्विक्रेत्याचे दुसरे लेबल आढळते.

ओळखीच्या खुणा : परवान्याचा पुरावा कोठे ठेवला जातो, यात गेल्या चार दशकांत मोठा पालट झाला. डॉसच्या काळी मूळ तबकड्या, पुस्तिका व करारपत्र हाच पुरावा असे. पुढे यंत्राच्या पेटीवर चिकटविलेले सत्यतेचे लेबल आले. त्यावर प्रणालीची आवृत्ती, बहुधा उत्पादकाचे नाव आणि पंचवीस अक्षर-अंकांचा संकेतांक छापलेला असे. अंकसंगणकांत, म्हणजे लॅपटॉपमध्ये, ते यंत्राच्या तळाशी व काही वेळा बॅटरीच्या खोबणीत लावीत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने हे लेबल पुसट होते. नुसते लेबल म्हणजे परवाना नव्हे, ते यंत्राबरोबरच राहिले पाहिजे, अशी कंपनीची भूमिका आहे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर सक्रियणाची पद्धत सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. प्रणाली बसविल्यावर ठरावीक मुदतीत इंटरनेटवरून वा दूरध्वनीने कंपनीकडे नोंद करणे आवश्यक झाले. मोठ्या उत्पादकांनी मात्र आपल्या सर्व यंत्रांवर एकच सामाईक संकेतांक वापरला व मदरबोर्डवरील कायम स्मृतीत एक खूण ठेवली. ती खूण सापडली की प्रणाली वेगळ्या नोंदीविना सक्रिय होई. म्हणून अशा यंत्रावर बसलेल्या प्रणालीतून वाचलेला संकेतांक आणि लेबलावरचा संकेतांक जुळत नाहीत. ही विसंगती चोरीची निशाणी नव्हे. लेबलावरचा संकेतांक त्या विशिष्ट यंत्राचा असून नव्याने प्रणाली बसविताना तोच उपयोगी पडतो.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रसृत झालेल्या विंडोज ८ पासून प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र संकेतांक उत्पादक मदरबोर्डच्या कायम स्मृतीतच लिहू लागले व लेबलावरून संकेतांक नाहीसा झाला. प्रणाली बसविणारी आज्ञावली तो आपण होऊन वाचते आणि योग्य आवृत्ती निवडते. याच काळातील एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. अनेक कार्यालयीन संगणक विंडोज ८ प्रोफेशनलचा परवाना असूनही ग्राहकाच्या सोयीसाठी विंडोज ७ बसवून विकले गेले. येथे दिसणारी आवृत्ती परवान्याहून जुनी असते.

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने आणखी पुढचे पाऊल टाकले. विंडोज ७ व ८·१ वरून एक वर्षापर्यंत विनामूल्य बढती देण्यात आली आणि अशा यंत्रांना नवा संकेतांक न देता यंत्राच्या घटकांवरून काढलेली ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदविण्यात आली. यास डिजिटल परवाना म्हणतात. जाहीर मुदत जुलै २०१६ मध्ये संपली, तरी जुने संकेतांक स्वीकारले जात राहिले. तो मार्ग सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचे कंपनीने सांगितले. तोपर्यंत नोंदविलेली यंत्रे मात्र प्रणाली पुन्हा बसविल्यावरही आपोआप ओळखली जातात. अशा परवान्याचा कागद नाही, लेबल नाही आणि यंत्राच्या आतही पूर्ण पुरावा नाही. प्रणाली सक्रिय होते हाच तिचा पुरावा होय.

परंतु हा पुरावाही फसवा असू शकतो. समूह परवान्याची यंत्रे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरशी संपर्क साधून सक्रिय होतात आणि हे सक्रियण १८० दिवस टिकते. संस्थेतून बाहेर पडलेले यंत्र बाजारात विकताना सक्रिय दिसते व सहा महिन्यांच्या आत तक्रार करू लागते. प्रणालीतच असलेल्या परवाना-व्यवस्थापकाकडून माहिती मागविल्यास परवाना ओईएम, रिटेल की व्होल्यूम या मार्गाचा आहे, हे कळते. व्होल्यूम असे उत्तर आल्यास खाजगी खरेदीदाराने सावध व्हावे. यंत्र पूर्वीच्या संस्थेच्या व्यवस्थापन-नोंदणीतून मुक्त केले आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी लागते. अ‍ॅपलच्या संगणकांत प्रणाली यंत्राबरोबरच येते व २०१३ पासून तिच्या नव्या आवृत्त्या विनामूल्य असल्याने परवान्याचा प्रश्न सौम्य आहे. तेथे अडथळा येतो तो पूर्वीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेल्या कुलुपाचा. ही सोय २०१९ पासून त्या काळच्या नव्या यंत्रांत आली.

न्यायालयांचे निर्णय : विकलेल्या पुस्तकाच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली बॉब्ज–मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात मान्य केले. प्रकाशकाने एक डॉलर ठरविलेली कादंबरी मोठ्या दुकानाने ८९ सेंटांना विकली होती. प्रथम विक्रीचे हे तत्त्व आज्ञावलीला लागू पडते काय, याचे उत्तर देशोदेशी वेगळे मिळाले.

अमेरिकेत १९९३ साली एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात प्रश्न थेट प्रचालन प्रणालीचाच होता. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने ग्राहकाचा संगणक सुरू केला, की प्रणाली स्मृतीत उतरते. ही तिची नक्कलच होय व ग्राहक केवळ परवानाधारक असल्याने मालकाला असलेली मुभा त्यास नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले. केवळ बटण दाबणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरण्याची ही स्थिती १९९८ च्या कायद्याने दुरुस्तीपुरती दूर केली. २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात, वापरावर व हस्तांतरणावर ठळक निर्बंध घालणारा करार असेल तर ग्राहक प्रतीचा मालक ठरत नाही आणि ती पुढे विकू शकत नाही, असा निर्णय झाला. तेथील प्रत प्रचालन प्रणालीची नव्हे, तर आरेखनाच्या आज्ञावलीची होती. तत्त्व मात्र सर्वच परवान्यांना स्पर्श करणारे आहे.

युरोपात वारे उलट दिशेने वाहिले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी निर्णय दिला, की संगणकाबरोबरच विकण्यासाठी दिलेली विंडोजची प्रत एकदा उत्पादकाच्या संमतीने बाजारात आली, की ती संगणकाशिवाय विकण्यास मायक्रोसॉफ्ट प्रतिबंध करू शकत नाही. ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने हेच तत्त्व इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या प्रतींना लावले. त्याने दोन अटी स्पष्ट केल्या : विकणाऱ्याने स्वतःकडील प्रत निरुपयोगी केली पाहिजे, आणि समूह परवान्याचे तुकडे पाडून ते विकता येणार नाहीत. लॅटव्हियातील एका प्रकरणात २०१६ साली त्याच न्यायालयाने मूळ तबकडी नष्ट झाली तरी राखीव प्रत विकता येणार नाही, असे ठरविले. त्यापूर्वी २०११ मध्ये, जुन्या संगणकांवरून काढलेली सत्यतेची लेबले राखीव तबकड्यांना लावून विकणे हा व्यापारचिन्हाचा भंग असल्याचे जर्मन न्यायालयाने म्हटले होते. अशा रीतीने एकाच प्रकारचा ओईएम परवाना जर्मनीत यंत्रापासून वेगळा करून विकता येतो, तर अमेरिकेत कराराच्या अटी त्यास आड येतात.

भारतातील स्थिती : भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत झाला. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीची प्रत विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क, ती आधी विकली गेली असली तरीही, प्रताधिकारधारकाकडे राखून ठेवला होता. आधीच्या विक्रीसंबंधीचे हे शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळले. या बदलामुळे जुनी प्रत पुढे विकण्यास वाव मिळतो, अशा अर्थाचे विवेचन पुढे झाले. अधिनियमाचे कलम ५२ आज्ञावली चालविण्यासाठी आवश्यक नक्कल व राखीव प्रत करण्याची मुभा प्रतीच्या कायदेशीर धारकास देते. धारक हा शब्द मालक या शब्दापेक्षा व्यापक आहे. त्यामुळे अमेरिकेत झालेला परवानाधारक व मालक यांचा वाद येथे त्या तीव्रतेने उद्‌भवत नाही. उलट, अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३ ब अन्वये गुन्हा असून त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर व्यापारासाठी वा लाभासाठी नसेल तर न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते.

परवाना म्हणजे वस्तू की हक्क, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे मुख्यतः करांच्या निमित्ताने आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईस्थित कंपनीच्या २००४ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार स्वरूपात विकली जाणारी आज्ञावली ही विक्रीकरासाठी माल ठरते, असा निर्णय दिला. मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस या प्रकरणात त्याच न्यायालयाने प्रताधिकार आणि प्रताधिकार असलेल्या वस्तूची प्रत यांतील भेद सविस्तर मांडला व वापरासाठी घेतलेल्या प्रतीची किंमत म्हणजे प्रताधिकाराचे स्वामित्वशुल्क नव्हे, असे ठरविले. यंत्रापासून अलग केलेल्या ओईएम परवान्याबाबत मात्र जर्मनीतील निर्णयासारखा आधार भारतीय खरेदीदाराजवळ नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस अशा बाजारांत वापरलेला संगणक घेताना लेबल यंत्रावर असणे आणि बिलात यंत्राचा अनुक्रमांक व प्रणालीची आवृत्ती यांचा उल्लेख असणे, हीच त्याची सुरक्षितता होय.

मुक्त प्रणाली व परवान्याचे आयुष्य : परवान्याच्या या गुंत्यातून सुटण्याचा एक मार्ग १९८० नंतरच्या दशकात निघाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प, १९८९ मधील त्याचा सार्वजनिक परवाना आणि १९९१ साली लीनुस तोरवाल्द्स यांनी सुरू केलेला लिनक्सचा गाभा यांतून वापर, नक्कल व वितरण यांची सर्वांना मोकळीक देणाऱ्या प्रणाली तयार झाल्या. हा परवाना प्रतीबरोबर प्रत्येक धारकास आपोआप मिळतो. यंत्र कितव्या हाती आहे, हे विचारण्याचे कारण उरत नाही. भारतात पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तिच्यात आहे.

परवाना वैध असणे आणि प्रणाली वापरण्यास सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजच्या यंत्रबद्ध परवान्याला कालमर्यादा नसते. सुरक्षाविषयक दुरुस्त्यांना असते. विंडोज १० साठी असलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या परवानाधारकांना विंडोज ११ विनामूल्य मिळते, पण त्यासाठी सुरक्षेची विशिष्ट चिप व तुलनेने नवा प्रक्रियक आवश्यक आहे आणि इंटेलचे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रक्रियक मान्य यादीत नाहीत. त्यामुळे असंख्य चालू संगणकांवर परवाना शाबूत, यंत्र शाबूत, परंतु नवी प्रणाली नाही अशी अवस्था आली. अशी यंत्रे भंगारात न जाता शाळा-वाचनालयांत आणखी काही वर्षे उपयोगी पडावीत, यासाठी मुक्त प्रणालींचा पर्याय सर्वांत सुलभ ठरतो. अन्य प्रणाली हवी असल्यास लेबल, मदरबोर्डवरील संकेतांक, परवान्याचा मार्ग आणि खरेदीचे कागद या क्रमाने तपासणी करून मगच यंत्राची किंमत ठरविणे इष्ट असते. परवाना नसलेल्या यंत्राच्या किमतीत नव्या परवान्याचा खर्च मिळविला, की पुष्कळदा ते स्वस्त राहत नाही.